कापूस दबतो, पाणी दबत नाही

वेचणी सुरू झाली की वऱ्हाडातल्या कापूसवाल्या घरात एक खोली कापसाची होते. भाव वाढेल या आशेने शेतकरी माल घरातच ठेवतो आणि दर वेचणीला ढीग वर चढत जातो. खोली भरली तरी शेतातून कापूस येतच असतो. मग तो तुडवावा लागतो. घरातली पोरे हे काम खुशीने करतात, अंगाला खाज सुटेपर्यंत त्यावर नाचतात. छातीएवढा ढीग कमरेएवढा झाला की त्यांतले सगळ्यांत लहान कुणीतरी विचारते, "कापूस गेला कुठे?"

"दबला," असे घरचे सांगतात आणि पुढच्या कामाला लागतात. मुलाचे समाधान झालेले नसते. त्याच्या डोळ्यांदेखत काहीतरी नाहीसे झाले आहे आणि ते काय हे त्याला कळायला हवे आहे. लहान मुलांना दाबणे आणि पिळणे शिकवायचे म्हणजे या एका प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्याहून सोयीची जागा महाराष्ट्रात सापडणे कठीण. इथल्या शेतीमालाला गेली दीडशे वर्षे बाजार मिळाला तो माल दाबून बांधता आला म्हणून, आणि तरीही इथली मुले हा विषय परक्या चित्रांतून शिकतात. हे बदलायला हवे.

आधी या जिल्ह्याची ठेवण पाहू. देऊळघाट हे बुलढाण्याजवळचे, पैनगंगेच्या काठचे जुने गाव. पैनगंगा याच तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते. गाव घाटावरचे. उत्तरेला डोंगर उतरला की पायनघाट, म्हणजे पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे लागते आणि त्यात खामगाव. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी चालली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर या खोऱ्याकडे वळली. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फाटा टाकला गेला. अवघ्या काही कोसांचा तो फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने स्वतः येऊन उघडला, यावरून खामगावच्या बाजाराचे वजन कळते.

पण रेल्वे आणि जहाज मिळाल्याने काम भागत नव्हते. जहाजाचे भाडे माल किती जागा अडवतो यावर ठरे आणि सुट्या रुईत बहुतेक जागा हवेची असते. रुई तशीच भरली तर व्यापाऱ्याने मँचेस्टरपर्यंत हवेचे भाडे भरायचे. म्हणून जिनच्या शेजारी प्रेस आला. जिनमध्ये सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुईची गाठ बांधली जाते. आजची प्रमाण गाठ १७० किलोची असते आणि तिला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. घरातली अर्धी खोली अडवणारा माल प्रेसमधून बाहेर येतो तो जेमतेम एक मीटर लांब आणि अर्धा-पाऊण मीटर रुंद-उंच होऊन. इतके दाबूनही तिच्यातली हवा संपत नाही. एका घनमीटरमध्ये अशी रुई साडेचारशे किलोच्या आसपास बसते, तर कापसाचा धागा ज्या सेल्युलोजचा बनतो ते सलग असते तर घनमीटरला पंधराशे किलो भरले असते. म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी करकचून आवळलेल्या गाठीतही दोन तृतीयांशाहून अधिक जागा हवेचीच. हे गणित पाचवी-सहावीतल्या मुलापुढे मांडले तर त्याला धक्का बसावा, आणि बसू द्यावा.

गाठ दाबतो कोण, हा प्रश्न याहून मोठा आहे. सुरुवातीच्या प्रेसमध्ये मोठा स्क्रू माणसांच्या बळावर फिरवला जाई. जोर अपुरा पडू लागला तेव्हा जलदाबाचे यंत्र आले. त्याचे तत्त्व फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात मांडले होते. बंद भांड्यातल्या पाण्यावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. छोट्या दट्ट्याच्या शंभरपट क्षेत्रफळाचा दट्ट्या दुसऱ्या टोकाला बसवला की तिथे शंभरपट जोर मिळतो. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्याचे यंत्र करून पेटंट घेतले आणि पुढे कापसाच्या गाठी बांधायला तेच वापरात आले. हे जमते ते एका कारणाने. हाताचे श्रम पाण्याच्या स्वतःच्या आकसण्यात खर्च होत नाहीत, म्हणून ते जवळजवळ सगळे पलीकडे पोचतात. कापूस दबतो आणि पाणी दबत नाही, या दोन गोष्टी एकाच यंत्रात समोरासमोर आल्या आणि त्यांतून खामगावची गाठ तयार झाली. भौतिकशास्त्राचा इतका स्वच्छ धडा क्वचितच कुठे घरापासून इतका जवळ मिळेल.

या धड्यातली दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. जिन-प्रेसमध्ये मुले शिकणारी म्हणून कधीच गेली नव्हती. ती मजूर म्हणून गेली होती. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी केली, म्हणजे सात पूर्ण झालेले मूल चालत होते. शिवाय शंभराहून कमी माणसांचे किंवा वर्षातले चार महिनेच चालणारे कारखाने त्या कायद्याबाहेर होते, आणि जिन-प्रेसचा धंदा तर हंगामीच. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांची जी हकीकत आली ती वाचवत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत बाया सरकी काढणाऱ्या यंत्रापुढे उभ्या, हवेत तंतूंची धूळ. खानदेश म्हणजे या जिल्ह्याची पश्चिमेची शीव. वऱ्हाडात काही निराळे राज्य नव्हते. १८९१ मध्ये वयाची मर्यादा नऊ झाली, १९२२ मध्ये बारा. मुलाला यंत्रापासून दूर करायला चाळीस वर्षे लागली, आणि कायद्यात लिहिले म्हणून गावोगावी ते लगेच घडले असेही नाही.

दूर करणे योग्यच होते. मात्र मुलाबरोबर त्या यंत्राचे ज्ञानही दूर गेले आणि ते परत आणण्याची निकड फार थोड्यांना वाटली. कारखान्याच्या भिंतीआड काय चालते हे शाळेला ठाऊक नव्हते आणि शाळेत काय शिकवतात याच्याशी कारखान्याला कर्तव्य नव्हते.

ज्यांना निकड वाटली त्यांत पहिले नाव गांधीजींचे घ्यावे लागते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. कापूस साफ करणे, सरकी काढणे, पिंजणे आणि टकळीवर सूत काढणे या कामांतून गणित, विज्ञान आणि भूगोल शिकवायचा. कापसाच्या मुलखातल्या मुलांना प्रथमच असे शिक्षण मिळत होते ज्यात कापूस हाच धडा होता. पिंजताना रुई फुगते, पेळू करताना दबते, पीळ दिला की तंतू एकमेकांना घट्ट धरतात, आणि प्रत्येक टप्प्यावर वजन करून वहीत नोंद. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने हे वर्षानुवर्षे चालवले. १९४५ नंतर ही कल्पना शाळेआधीच्या वयापर्यंत, म्हणजे पूर्व-बुनियादीपर्यंत नेली गेली.

वर्ध्याच्या त्याच परिषदेत अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी आक्षेप घेतला होता. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेला त्यांचा विरोध होता. नई तालीमचे चाहते हा आक्षेप पुष्कळदा घाईने ओलांडतात. मला तो रास्त वाटतो. जिनमधून सोडवलेले मूल वर्गात आणून पुन्हा उत्पादनाला जुंपले तर काय मिळवले? मुलाने काढलेल्या सुताची किंमत शाळेच्या जमाखर्चात धरली जाऊ लागली की शिकण्याकडचे लक्ष उत्पन्नाकडे वळते. नई तालीम मागे पडण्याला इतर कारणेही होती. इंग्रजी शाळेची ओढ होती, आणि हस्तोद्योग म्हणजे गरिबांचे शिक्षण अशी समजूत होती. पण तिच्यातले एक सूत्र आजही उचलण्याजोगे आहे. वस्तू हातात द्या, वजन करा, बोलू द्या. विकू नका.

बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी नेमके हेच केले. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरींची साधने महाग होती आणि डहाणू भागातल्या आदिवासी मुलांना अनोळखी. ताराबाईंनी दगड, शिंपले, पाने, बिया, माती अशी मुलांच्या पायाखालची साधने वापरली. मुले अंगणवाडीत येत नाहीत तर अंगणवाडी पाड्यावर न्यायची, गुरांमागे जातात तर कुरणावर शाळा भरवायची, इतपर्यंत त्यांची तयारी होती. कोसबाडला जे शिंपल्यांनी झाले ते वऱ्हाडात कापसाने व्हायला हवे होते. झाले नाही, आणि ही या प्रदेशातल्या शिक्षणाची खरी उणीव आहे.

आता तर परिस्थिती आणखी अवघड आहे. दाबण्या-पिळण्याची दृश्येच गावातून चालली आहेत. पूर्वी तेल्याच्या घाण्यावर तीळ, करडई, जवस पिळताना मूल तासन्‌तास उभे राहून बघे. बैल फिरतोय, लाट दाण्यांवर दाबतेय, खाली तेल झरतेय आणि शेवटी ढेप उरतेय, हे सगळे उघड्यावर होते. बुलढाण्याच्या घाटावर आता सोयाबीनचे राज्य आहे. सोयाबीनमध्ये तेल वीस टक्क्यांच्या आसपास, तेही नुसते पिळून पुरते निघत नाही, म्हणून ते द्रावकात विरघळवून काढतात. बंद टाक्या, बंद नळ्या. मुलाला दिसते ती तेलाची पिशवी. कापूसही ट्रॉलीत भरून जातो आणि फाटकाआड गाठ होतो.

मूल या बाबतीत विचार कसा करते, हे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी तपासले होते. त्यांचा ग्रंथ १९४१ चा. मातीचा गोळा चेपून चपटा केला तर माती तेवढीच राहिली का, असे ते मुलांना विचारत. मक्याचा दाणा फुटून लाही झाली तर तिच्यात जास्त मका आला का, हेही त्यांनी विचारले. साधारण सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मुलांना आकार बदलला की ऐवजही बदलला असे वाटते. वजन तेवढेच राहते हे त्यानंतर, नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास पटते, आणि जागा व्यापण्याची गोष्ट अकराव्या-बाराव्या वर्षी. पुढच्या संशोधकांनी ही वये पुढेमागे केली, पण क्रम मोठ्या मानाने टिकला. तेव्हा चार वर्षांच्या मुलाने "दबलेला कापूस कमी झाला" असे म्हटले तर त्याला चूक ठरवू नये. त्याच्या वयाला हेच दिसते. त्याच्या तोंडून बरोबर वाक्य वदवून घेण्यात काही कमाई नाही. पुन्हा पुन्हा वजन करून बघण्याची सवय लागली तर मात्र ती आयुष्यभर पुरते.

मोठ्या माणसांकडून होणारी गफलत वेगळीच आहे. आपण तीन निराळ्या घटनांना एकच स्पष्टीकरण देतो. उघडा कापूस तुडवला तर त्यातली हवा निघून जाते आणि कापूस सगळा राहतो. ओले धोतर पिळले किंवा तीळ घाण्यात घातले तर आतले पाणी, तेल बाहेर येते, म्हणजे वजनदार काहीतरी खरोखर गेलेले असते. आणि सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या ढकलला तर काहीच बाहेर जात नाही, आतली हवाच दाटीने बसते आणि हात सोडला की दट्ट्याला परत ढकलते. रॉबर्ट बॉइलने १६६० मध्ये यालाच हवेची स्प्रिंग म्हटले आणि १६६२ मध्ये दाब दुप्पट केला की हवेची जागा निम्मी होते हे आकड्यांनी दाखवले. पंपाच्या वेळीही आपण मुलाला "हवा बाहेर गेली" असे सांगून मोकळे होतो. मूल बोटाखाली काहीच निसटताना अनुभवत नाही, त्याला आपले म्हणणे खोटे वाटते, आणि ते खोटेच असते. काय गेले आणि काय राहिले, एवढेच प्रत्येक वेळी विचारले तर तिन्ही घटना आपापल्या जागी बसतात.

पाण्याचा प्रयोग रंगपंचमीच्या पिचकारीवर होतो. आधी पिचकारीत नुसती हवा घ्यायची, तोंड अंगठ्याने बंद करायचे आणि दाबायचे. दट्ट्या आत जातो, उसळून मागे येतो. मग हवेचा बुडबुडाही न ठेवता पाणी भरायचे आणि तसेच करायचे. दट्ट्या हलत नाही. पाच वर्षांचे मूल हे दहा वेळा करून बघते, अंगठ्याच्या कडेने चिळकांडी उडाली की हसते आणि पुन्हा करते. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ डबी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन चालणारे पंप मुलांच्या हातात दिले, ते याच भरवशावर की यंत्र हातात असले की मूल स्वतःच प्रश्न विचारते. अंगठ्याला पाण्याचा हा हट्ट एकदा कळला की पुढे आठवीत पास्कल भेटतो तेव्हा तो ओळखीचा निघतो.

इथे शिक्षकाने शब्द जपून वापरावेत. "पाणी दबतच नाही" असे ठाम सांगितले तर पुढे ते मागे घ्यावे लागते. फ्लोरेन्सच्या अकादमीने १६६७ मध्ये छापलेल्या प्रयोगांत चांदीच्या गोळ्यात पाणी भरून तो बंद केला आणि हातोड्याने ठोकला. पाणी आकसले नाही, चांदीतून घामासारखे बाहेर आले. तेव्हापासून शंभर वर्षे पाणी दबत नाही असेच लोक धरून चालले. १७६२ मध्ये जॉन कँटनने ते किंचित दबते हे दाखवले. हवेच्या शंभरपट दाब दिला तर पाणी जेमतेम अर्धा टक्का आकसते. म्हणून मुलाला सांगायचे ते असे: पाणी इतके थोडे दबते की आपल्या हाताला कळत नाही. वाक्य साधे आहे, खरे आहे आणि मूल मोठे झाले तरी खरेच राहते.

हाच धडा शेवटपर्यंत ताणून दाखवायला आपल्या जिल्ह्यात लोणार आहे. दगडही दबतो का, असे आठ-दहा वर्षांचे मूल विचारणारच. दख्खनचा काळा पाषाण मुलांच्या दृष्टीने घट्टपणाची परिसीमा. पण लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्काघाताने झाले, हे १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी सहकाऱ्यांनी मांडले तेव्हा त्यांच्या पुराव्यात मॅस्केलिनाइट ही काच होती. पाषाणातल्या फेल्डस्पार खनिजाला आघाताचा प्रचंड दाब क्षणभर बसला की त्याची स्फटिकरचना मोडते आणि न वितळताच ते काचेसारखे होते. त्यासाठी लागतो तो दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या काही लाख पट असतो. पुढे प्रसिद्ध झालेल्या एका कालमापनानुसार हे सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी घडले. शाळांच्या सहली लोणारला जातातच. मंदिरे आणि खारे पाणी बघून परततात. कुणीतरी त्यांना हातात काळा दगड देऊन सांगावे की इथे हा दबला होता.

मग करायचे काय? यासाठी वेगळा निधी किंवा नवे साहित्य लागत नाही. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडीत वजनकाटा आणला. तो मुलांचे वजन नोंदवायला वापरतात. त्याच काट्यावर महिन्यातून एखादा दिवस किलो-दोन किलो कापूस ठेवावा, आधी फुगलेला, मग मुलांनी पिशवीत ठासून भरलेला, आणि काट्याचा आकडा मुलांनाच बघू द्यावा. शेजारी ओला पंचा ठेवावा, पिळण्याआधीचा आणि पिळल्यानंतरचा. कापूस स्वच्छ हवा, सरकी मुलांच्या नाका-तोंडात जाणार नाही याची काळजी हवी, आणि ढिगात पुरून घेण्याचा खेळ कोणत्याही घरी खेळू देऊ नये, कारण त्यात श्वास कोंडतो.

खामगाव, मलकापूर, चिखलीच्या पट्ट्यातल्या जिन-प्रेसच्या मालकांनी हंगामात एक सकाळ शाळांसाठी राखावी. पाचवी-सहावीची मुले, यंत्रापासून लांब, कठड्यामागे, सोबत शिक्षक. रुई पेटीत पडताना, दट्ट्या चालताना आणि पट्ट्या आवळून गाठ बाहेर येताना त्यांनी पाहावी. तिथल्या कामगाराने त्यांना सांगावे की हे कसे चालते, कारण त्याच्याइतके ते कुणालाच ठाऊक नाही. ज्या फाटकातून या मुलांचे पणजोबा-पणज्या मजूर म्हणून आत गेल्या, तिथून ही मुले पाहुणी म्हणून जातील. मागे उभ्या असलेल्या कुणी विचारले की गाठीत आता हवा उरली का, तर शिक्षकाने उत्तर देऊ नये. कामगाराकडून गाठीचे वजन घ्यावे, मुलांकडून फुटपट्टीने गाठ मोजून घ्यावी, आणि हिशेब वर्गात परतल्यावर करायला लावावा.